पोपटीचं मडकं, मासळीची पिशवी

थंडी पडली आणि वालाच्या शेंगा भरल्या की अलिबाग, पेण, रोह्याकडच्या शेतांत पोपट्या लागतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, जमलं तर कोंबडी, ओवा आणि जाडं मीठ. तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडकं उलटं ठेवतात आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवतात. तेल नाही, पाणीही नाही. तापल्या मडक्यावर पाण्याचा शिपका मारला आणि चर्र आवाज आला की पोपटी झाली. मागे उरते ती राख, पाला आणि सालं. सगळं त्याच शेतात जिरणारं.

हल्ली दुसऱ्या दिवशी तिथे थर्माकोलच्या ताटल्या, चहाचे कागदी कप आणि पाण्याच्या बाटल्याही पडलेल्या दिसतात. कागदी कप नावाला कागदी. आतून त्याला प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो रद्दीतही नीट जात नाही आणि मातीतही. रांधण्याची रीत आजोबांच्या काळचीच राहिली, वाढण्याची तेवढी बदलली.

कायदा नाही असं नाही. 26 जुलै 2005 च्या पुरात मुंबईची गटारं तुंबली, तेव्हापासून प्लास्टिकच्या पिशव्या बदनाम आहेत. राज्याने मार्च 2018 मध्ये बंदीची अधिसूचना काढली आणि 23 जूनपासून दंड लागू झाला: पहिल्यांदा सापडल्यास 5,000 रुपये. थर्माकोलच्या ताटल्याही त्याच बंदीत आल्या. 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकचे स्ट्रॉ, चमचे, पेले यांवर देशभर बंदी आली. तरी पातळ पिशवी बाजारातून हटलेली नाही, कारण ती मागणारं गिऱ्हाईक हटलेलं नाही.

हे सगळ्यात ठळक दिसतं मासळी बाजारात. कोळणीने वाटा पिशवीत टाकला की बर्फाचं पाणी आणि रक्त तिला लागलंच. गळेल या धास्तीने वर दुसरी पिशवी चढते. किराण्याची कोरडी पिशवी निदान चार वेळा वापरता येते, पण मासळीची पिशवी घरी पोचताच कचऱ्यात जाते. तिला वास येतो आणि भंगारवाला तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून घरात एकच सवय बदलायची असेल, तर ती बाजाराला जाताना झाकणाचा डबा नेण्याची असावी. आधीच्या पिढीला यात काही विशेष वाटलं नसतं.

समुद्रात गेलेली पिशवी कोळ्यांच्याच वाट्याला परत येते. डोल जाळं भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडं ठेवून उभं असतं. प्रवाहाबरोबर येईल ते आत: बोंबील, जवळा आणि प्लास्टिकही. मग जवळ्यातून पिशव्यांच्या चिंध्या निवडत बसायचं, त्या वेळेची मजुरी कोणी देत नाही.

सणावारी हीच निवडानिवड निर्माल्याची. रेवदंड्याच्या डॉ. श्री नानासाहेब धर्माधिकारी प्रतिष्ठानचे श्रीसदस्य विसर्जनाच्या वेळी निर्माल्य गोळा करून त्याचं खत करतात. पण हार पिशवीसकट आला, तर दोरा, जर, प्लास्टिकची फुलं आधी वेचावी लागतात. घरीच फुलं सोडवून दिली तर त्यांचं अर्धं काम होतं. अंगण असेल त्याने ती थेट माडाच्या आळ्यात टाकावीत, शहाळ्याच्या रिकाम्या कवट्याही तिथेच, ओल टिकते.

राहिली दुधाची पिशवी. 2018 च्या नियमांत ती परत केल्यास 50 पैसे देण्याची तरतूद होती. पिशव्या काही दुकानात परतल्या नाहीत. ती टाळणंही बहुतेकांना शक्य नाही. मात्र कापताना टोक वेगळं पाडू नये, एका बाजूने लटकतं ठेवावं. तो चिमुकला त्रिकोण वेचणाऱ्याच्या हाती लागत नाही आणि पहिल्या पावसात गटारातून खाडीकडे निघतो. विसळून दोरीवर वाळत घातलेल्या अख्ख्या पिशव्या भंगारवाला वजनावर घेतो.