बहिरा रिपीटर: साखर कारखान्याच्या टॉवरवर शिकलेला रिसर्चचा धडा



मागच्या गळीत हंगामात नांदेड-लातूरच्या हद्दीवरच्या एका साखर कारखान्यात जायचा योग आला. माझ्या पीएचडीचा विषय अँटेनाशी संबंधित आहे. ओळखीतले एक रेडिओ टेक्निशियन आहेत, त्यांना सगळे मामाच म्हणतात. "चला, तुमचं पुस्तकातलं शास्त्र टॉवरवर बघू," म्हणत त्यांनी मला गाडीवर मागं बसवलं.

तक्रार अशी होती: केन यार्डाच्या टोकाला असलेल्या माणसाला वॉकी-टॉकीवर सगळं स्वच्छ ऐकू येतं, पण त्याचं बोलणं कुणालाच जात नाही. आदल्या आठवड्यात रात्री दोनच्या सुमाराला तिथं उसाची ट्रॉली कलंडली. तो बिचारा बटण दाबून ओरडत राहिला आणि शेवटी काट्यापर्यंत पळत गेला. ट्रॉलीखाली कुणी नव्हतं, हे नशीब.

कारखान्यानं उपायही केला होता. रिपीटरची पॉवर वाढवली होती. त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढला! असं का झालं, हे कळलं की रिपीटर कळला.

रिपीटर करतो काय?

वॉकी-टॉकीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे अंतराचा ढोबळ हिशोब असा: दोन्ही अँटेनांच्या उंचीची (मीटरमध्ये) वर्गमुळं काढा, बेरीज करा, 4.12 ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं.

- हातातला सेट ते हातातला सेट (दोन्ही 1.5 मी.): सुमारे 10 कि.मी.
- हातातला सेट ते 30 मी. टॉवर: सुमारे 28 कि.मी.
- 30 मी. टॉवर ते 30 मी. टॉवर: सुमारे 45 कि.मी.

ही कागदावरची कमाल आहे. झाडं, इमारती, उभा ऊस यांनी ती कमीच होते. नांदेड गोदावरीकाठी, लातूर बालाघाटच्या पठारावर, मध्ये सरळ रेषेत 115 कि.मी.च्या आसपास अंतर. म्हणजे एका टॉवरवर दोन्ही शहरं जोडता येणार नाहीत. मधे टप्पे लागतील, किंवा चांगली टेकडी.

रिपीटर उंचावर बसतो, एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि तेच त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात बोलतो. खरी गोम "त्याच क्षणी" या शब्दांत आहे.

एकाच वेळी बोलणं आणि ऐकणं

25 वॉट म्हणजे 44 डीबीएम. चांगला रिसीव्हर उणे 119 डीबीएमपर्यंतचा, म्हणजे पाव मायक्रोव्होल्टचा सिग्नल ऐकतो. फरक 163 डीबी. पटीत सांगायचं तर 2 च्या पुढे 16 शून्यं! लग्नाच्या मांडवात डीजेशेजारी उभं राहून समोरच्या गल्लीतली कुजबुज ऐकण्यासारखं आहे हे, आणि डीजे आपलाच.

हे जमवतो डुप्लेक्सर. धातूच्या नळकांड्यांसारख्या कॅव्हिटी असतात. त्या एकाच अँटेनावर दोन्ही फ्रिक्वेन्सी वेगळ्या ठेवतात. तो ट्यूनिंगमधून हलला, किंवा केबलच्या वाटेत एखादा सांधा गंजला, की आपल्याच ट्रान्समीटरचा गोंगाट रिसीव्हरमध्ये शिरतो. रिपीटर बोलतो झकास, पण बहिरा होतो. अशा वेळी पॉवर वाढवली तर गोंगाटच वाढतो. कारखान्यात नेमकं हेच झालं होतं.

उभारताना काय बघायचं?

*परवाना.* व्यावसायिक वापरासाठी फ्रिक्वेन्सी केंद्राच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी शाखा देते. अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. टॉवरच्या जागेला सॅकफाची मंजुरी लागते. हॅम लायसन्सवर धंद्याचं बोलणं चालत नाही. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झचा परवानामुक्त पट्टा कमी पॉवरच्या हँडसेटपुरता आहे.

*केबल.* इथं पैसे वाचवू नका. 450 मेगाहर्ट्झला आरजी-58 जातीच्या 30 मी. बारीक केबलमध्ये सुमारे 10 डीबी जातात. 25 वॉट सोडले तर वर अडीच पोचतात. येणारा सिग्नलही तितकाच खचतो.

*वीज.* बोलताना 7 अँपिअर, नुसतं ऐकताना 0.5 अँपिअर आणि बोलण्याचा वेळ 20 टक्के धरा. सरासरी 1.8 अँपिअर, दिवसाला 43 अँपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे एका दिवसाच्या बॅकअपला 100 अँपिअर-तासाची बॅटरी.

*पाया आणि अर्थिंग.* आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. टॉवरचा पाया त्या मातीवर नको, खाली मुरूम किंवा खडकापर्यंत न्यावा. अर्थिंगही भर पावसाळ्यात मोजली तर छान दिसते. ती मे महिन्यात मोजा, कारण मराठवाड्यात विजा पावसाळ्याच्या तोंडावरच जास्त कडाडतात.

मामांनी दोष कसा शोधला?

मी पोचल्याबरोबर एसडब्ल्यूआर मीटर लावला. 1.2! मी म्हणालो, "मामा, अँटेना एकदम ओके."

मामा हसले. "सर, मीटर खाली लावलाव तुम्ही, अँटेना वर हाय. आधी ह्याला ऐकू येतंय का ते बघा. ऐकूच आलं नाही तर बोलंल काय?"

त्यांनी यार्डाच्या टोकावरून एकाला सेटवर बोलायला लावलं. ट्रान्समीटर बंद असताना रिसीव्हरच्या स्पीकरवर त्याचा आवाज बारीक का होईना, येत होता. ट्रान्समीटर सुरू केला की गायब. मग ट्रान्समीटर अँटेनाऐवजी डमी लोडवर टाकला, तर आवाज पुन्हा आला. म्हणजे रिसीव्हर ठणठणीत होता. दोष डुप्लेक्सरपासून अँटेनापर्यंतच्या वाटेत.

मामा वर चढले. अँटेनाखालच्या कनेक्टरवरची टेप उन्हानं तडकली होती. आत पाणी शिरून पितळेवर हिरवट थर चढला होता. वरची केबल ओली झाली होती. कनेक्टर आणि केबलचा तुकडा बदलला, नवी टेप गुंडाळली, पॉवर पुन्हा 25 वॉटवर आणली. यार्डातून आवाज आला, "हां, बोला की!"

मग माझा मीटर 1.2 का दाखवत होता? कारण केबल 10 डीबी खात असेल तर परत येणारी लहर जाताना 10 आणि येताना 10, म्हणजे 20 डीबी कमी होते. वर अँटेनाच नसली तरी खाली 1.2 दिसेल! खराब केबल स्वतःचा दोष स्वतःच लपवते.

देखभाल म्हणजे वही

परतताना मामांनी विचारलं, "बसवला त्या दिवशीचं रीडिंग कुठं हाय?" कुणाकडेच नव्हतं. असतं तर पॉवर वाढवायच्या आधीच फरक दिसला असता. तेव्हा पहिल्याच दिवशी लिहून ठेवा: ट्रान्समीटरपाशी आणि अँटेनापाशी मिळणारी पॉवर, परत येणारी पॉवर, किती बारीक सिग्नल ऐकू येतो (ट्रान्समीटर बंद असताना आणि चालू असताना), बॅटरीचा व्होल्टेज, अर्थिंगचा रेझिस्टन्स. दर तीन महिन्यांनी तेच आकडे, त्याच पद्धतीनं. टेप आणि कनेक्टर पावसाळ्याआधी आणि नंतर बघायचेच.

मोबाईलच्या जमान्यात हे कशाला, असं वाटेल. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. नंतरच्या मदतकार्यात निरोप पोचवायला हौशी रेडिओवाले पुढे आले होते. यंत्रणा चालते की नाही, हे अशा पहाटे कळून उपयोग नसतो.

आता आपल्याबद्दल. मित्रांनो, रिसर्चला बसताना हेच लक्षात ठेवा. मोजमाप सोयीच्या जागी करू नका, दोष असेल तिथं करा. आकडा फारच चांगला आला तर आनंदाआधी शंका घ्या. आणि सगळं ठीक चालू असतानाचं रीडिंग आधी लिहा, बिघडल्यावर तेच कामाला येतं. माझ्या लॅबच्या वहीचं पहिलं पान मी त्या रात्री घरी येऊन नव्यानं लिहिलं. तुमच्या वहीत पहिल्या पानावर काय आहे, एकदा बघा.