घरातली बॅटरी: लाईट जाण्याआधी बघून ठेवा

१६ मे २०२१ चा दिवस आठवतो ना? तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं. माड तारांवर पडले, खांब वाकले, आणि कितीतरी वाड्यांत दोन-तीन दिवस लाईट नव्हती.

आमच्या घरी प्लगात लावून चार्ज करायची मोठी बॅटरी होती. दुकानात डोळे दिपवणारी. त्या रात्री अर्धा तास पेटली आणि विझली. चार्ज करणार कुठे? म्हाताऱ्या आईला मागीलदारी न्यायला मोबाईलचा उजेड, आणि मोबाईलही संपत आलेला. त्यातच मागीलदारी पाणी साचलेलं.

नंतर कारण कळलं. अशा बऱ्याच स्वस्त बॅटऱ्यांत लहान शिशाची बॅटरी असते. ती उतरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने पडून राहिली की कायमची कमजोर होते. म्हणून घरात निदान एक तरी बॅटरी सुट्या सेलांची हवी. पेन्सिल सेल गावच्या दुकानात मिळतात. लाईट नसली तरी सेल बदलले की काम झालं.

घेताना लुमेनच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. घरात, अंगणात १०० ते २०० लुमेन पुष्कळ झाले. उजेड जास्त तेवढे सेल लवकर संपतात. कमी-जास्त उजेडाचं बटण असेल तर उत्तम, वादळाच्या रात्री कमी उजेडावर ती खूप तास चालते.

दुसरं, पाणी. खोक्यावर आयपीएक्स ४ असेल तर शिंतोडे सोसते. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास तग धरते. पावसाळ्यासाठी ७ वालीच बघा. झाकण उघडून रबरी रिंग आहे का, आटे नीट बसतात का, तेही तपासा.

पण आपल्याकडे खरा शत्रू खारा वारा. होडीवरची बॅटरी घरी वापरू नका, घरची होडीवर नेऊ नका. खाऱ्या पाण्याचा हात लागलाच तर झाकण घट्ट ठेवून गोड्या पाण्याने धुवा, पुसा, सावलीत वाळवा. रिंगला थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं की ती सुकून चिरत नाही.

बॅटरी जास्त मरते ती सेल आत विसरल्याने. जुना सेल पाझरतो आणि आतली पत्री खाऊन टाकतो. जुना-नवा सेल एकत्र घालू नका, दोन वेगळ्या कंपन्यांचेही नको. अल्कलाईन सेल पाझरून पांढरी पूड जमली असेल तर हातमोजे घालून, कापसाला थोडं व्हिनेगर लावून पुसा आणि पूर्ण सुकू द्या. चार्जिंगचा लिथियम सेल फुगला असेल तर तो वापरू नका, टोचू तर मुळीच नका.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. जाळी विणायला बसाल तेव्हा होडीवरच्या बॅटरीतले सेल काढून ठेवा. घरची बॅटरी मात्र नवे सेल घालून दाराजवळ खिळ्याला टांगा, जोडीला सेलांचा एक सीलबंद जोड. महिन्यातून एकदा पेटवून बघा. जागा घरातल्या सगळ्यांना माहीत हवी, पोरांनाही. काळोखात शोधावी लागली तर ती असून नसल्यासारखीच.