सागराची ओढ आणि कवितेची वीण

'मला सागराची फार आठवण येते' एवढे सांगितल्याने ऐकणाऱ्याच्या मनात तरंगही उठत नाही. ती ओढ त्याला स्वतःला जाणवावी, यासाठी कवीला शब्दांची मांडणीच तशी करावी लागते. इंग्रज कवी जॉन मेसफील्ड यांची 'सी-फीव्हर' ही बारा ओळींची कविता याचे उत्तम उदाहरण होय.

मेसफील्ड यांचा जन्म १८७८ चा. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले आणि शाळकरी वयातच त्यांची रवानगी नौकानयनाच्या शिक्षणासाठी झाली. १८९४ मध्ये ते शिडाच्या जहाजावरून दक्षिण अमेरिकेतील चिली देशापर्यंत गेले. परंतु तेथे आजारी पडून त्यांना परतावे लागले. पुढे अमेरिकेत त्यांनी गालिच्यांच्या कारखान्यात काम केले. मायदेशी आल्यावर काही वर्षे ते लंडनमधील एका बँकेत कारकून होते. सागराने ज्याला सुख दिले नाही, त्याच मनुष्याने १९०२ च्या आपल्या पहिल्या संग्रहात ही कविता प्रसिद्ध केली.

तिचे तिन्ही चरणखंड एकाच शब्दसमूहाने सुरू होतात. त्यात 'जावेसे वाटते' असा भाव नसून 'गेलेच पाहिजे' अशी अनिवार्यता आहे. मूळ छापील पाठात तर 'जाणे' हे क्रियापदच नाही. ओढ इतकी उत्कट आहे, की क्रियापदापुरताही विलंब तिला सोसत नाही.

दुसरे साधन लयीचे. ओळी लांब आहेत आणि त्यांत आघातयुक्त अक्षरे मध्येच एकमेकांना खेटून येतात. त्यामुळे वाचताना गती अडते, साचते आणि पुन्हा पुढे लोटली जाते. लाट जशी उचलली जाऊन फुटते, तशी. वारा, शीड, सुकाणूचे चक्र यांचे वर्णन करताना साधलेला अनुप्रास या लयीला सागराचा नाद देतो.

सर्वांत अर्थपूर्ण आहे ते कवीचे मागणे. प्रत्येक खंडात तो 'केवळ एवढेच हवे' असे म्हणतो. प्रथम एक जहाज आणि दिशा दाखविणारा एक तारा. मग ढग पळविणारा वारा असलेला दिवस. अखेरीस हसऱ्या सोबत्याची गोष्ट आणि शांत झोप. या यादीत धनसंपत्ती नाही. ज्या जीवनाची त्याला आस आहे, त्यात करडे धुके आहे आणि सुरीसारखा बोचरा वाराही आहे. मागणे जितके अल्प, तितकी ओढ खरी वाटते.

शेवटच्या ओळीत एक सुंदर श्लेष आहे. तेथे आलेल्या शब्दाचा खलाशांच्या बोलीतील अर्थ सुकाणूवरील पाळी असा आहे. ती दीर्घ पाळी संपल्यावरची झोप म्हणजे आयुष्याच्या अखेरची विश्रांतीही असू शकते. मृत्यूचा उच्चार न करता कवी तिथवर पोहोचतो.

आपल्या परंपरेत संसाराला सागर म्हटले आहे. तो तरून जायचा असतो. मेसफील्ड यांना तोच सागर हवासा वाटतो. दोन दृष्टींतील हे अंतर मोठे आहे. तरीही 'एवढेच पुरे' अशी मर्यादा आखून घेणारे त्यांचे मन, परिग्रहपरिमाण व्रताचा संस्कार असलेल्या वाचकाला परके वाटणार नाही. जमाखर्चाच्या वह्यांत दिवस घालविणाऱ्या मनुष्याने आपल्या गरजांचा हिशेब मांडला, तेव्हा तो अवघ्या बारा ओळींत मावला.