तासिकेपुरता स्त्रीवाद

जून उजाडला की तासिका तत्त्वावरच्या जागांच्या जाहिराती येतात. यंदाही आल्या. वसई-विरार पट्ट्यातली माझी एक मैत्रीण चौथ्यांदा तीच फाइल घेऊन मुलाखतीला गेली. नेट झालेली, पीएच.डी. अर्ध्यावर. यंदा बायोडेटातला ‘स्त्री अभ्यास’ तेवढा तिने खोडला आणि ‘सामाजिक शास्त्रे’ लिहिलं. “मागच्या वेळी विचारलं, मॅडम, तुम्ही मोर्चेवाल्या का?”

तरुण प्राध्यापिकांच्या स्त्रीवादावर आपण वैचारिक चर्चा झोडतो. घोडं अडतं वर्कलोडपाशी. घेतलेल्या तासाचे पैसे, मे महिन्यात शून्य. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला प्रसूती-बालसंगोपनासाठी 240 दिवसांची रजा आहे. म्हणजे शिकताना आई व्हायची सोय आहे. तासिकेवर शिकवताना मात्र सहसा बुडालेले तासच मोजले जातात.

महिला विकास कक्ष हमखास याच बाईंच्या गळ्यात. गेल्या 8 मार्चला मैत्रिणीने लैंगिक छळविरोधी कायद्यावर व्याख्यान सुचवलं. “विषय जरा सौम्य घ्या,” असं उत्तर आलं. मग मेंदी स्पर्धा झाली. नॅकच्या फाइलसाठी जिओटॅग फोटोही तिनेच काढले, फुकट. यूजीसीच्या 2015 च्या विनियमांत तक्रार समितीच्या अध्यक्षपदी ज्येष्ठ स्त्री हवी, निम्म्या सदस्य स्त्रिया हव्यात, तक्रारीला तीन महिन्यांची मुदत. कागद चोख आहे. पण जिचं नेमणूकपत्र उन्हाळ्यात संपतं आणि जिला जूनमध्ये पुन्हा त्याच मंडळींसमोर बसायचं असतं, ती तक्रार करणार कधी?

अशा वेळी मला स्त्रीवादी अभ्यासक शर्मिला रेगे आठवतात. 13 जुलै 2013 रोजी, अवघ्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी त्या गेल्या. 1998 साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्यावर त्यांनी लेख लिहिला, तेव्हा त्या जेमतेम चौतिशीच्या. रोख आपल्याच गोटावर होता. सवर्ण बायकांचा अनुभव म्हणजे समस्त बायकांचा अनुभव नव्हे. दलित स्त्रीच्या भूमिकेवरून स्वतःचा विचार नव्याने घडवा, असं त्यांनी सुनावलं. धाडस होतंच, पण पायाखाली पुणे विद्यापीठही होतं. तासिकेवर एवढी धिटाई परवडत नाही, असं माझं स्पष्ट मत.

तरीही मैत्रिणीने तो लेख सकाळी सातच्या वर्गात मराठीतून सांगितला होता, सिलॅबसमध्ये नसताना. मागच्या बाकावर वालीवच्या गाळ्यात काम करणारी एक मुलगी बसते. तास संपल्यावर ती जिन्यापर्यंत मागे आली आणि लेखाची झेरॉक्स मागू लागली.

परवा मैत्रिणीला पत्र आलं. आठवड्याला नऊ तास, आणि महिला विकास कक्ष.