पोकेमॉनचा ट्रेनर नेमकं करतो काय?

या शतकाच्या सुरुवातीला ज्यांनी कार्टून नेटवर्कवर हिंदीतून पोकेमॉन पाहिलं, त्यांना ॲश आणि ब्रॉकची लढत आठवत असेल. ब्रॉकचा ऑनिक्स म्हणजे दगडांचा अवाढव्य साप. त्याच्यावर ॲशच्या पिकाचूच्या विजेचा काही उपाय चालेना. तेवढ्यात छतावरचे पाण्याचे फवारे सुरू झाले, ऑनिक्स भिजला आणि पिकाचूने त्याला जेरीस आणलं. ज्या व्हिडिओ गेमवरून हे कार्टून निघालं, त्यात मात्र असं घडणं अशक्य आहे. ऑनिक्स जमिनीच्या प्रकारातला जीव, आणि जमिनीवर विजेचा परिणाम शून्य. थोडा नव्हे, शून्य. गेममधला ट्रेनर ओरडून, जिद्दीने किंवा नशिबाच्या फवाऱ्याने हा शून्य बदलू शकत नाही. मग त्याच्या हातात उरतं तरी काय? तेच पायरीपायरीने पाहू.

पहिले दोन गेम, ‘रेड’ आणि ‘ग्रीन’, २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निन्तेंदोच्या गेम बॉयसाठी आले. ते घडवणारे सातोशी ताजिरी लहानपणी तोक्योच्या वेशीवरच्या भागात किडे गोळा करत हिंडायचे. दोन गेम बॉय जोडणारी केबल पाहून त्यांच्या डोक्यात कल्पना आली, की या तारेतून जीव इकडून तिकडे जाऊ शकतील. म्हणून गेमची रचनाच अडवणारी ठेवली. एकूण १५१ जीव, पण काही फक्त ‘रेड’मध्ये, काही फक्त ‘ग्रीन’मध्ये. एकान्स हा साप एकात, तर सँडश्रू दुसऱ्यात. संग्रह पुरा करायचा तर दुसरा माणूस शोधावाच लागे. त्याच केबलवर दोघांना आपापले जीव लढवताही येत. पुढे केबल जाऊन इंटरनेट आलं, पण समोर माणूस असण्याची ही अट या खेळाच्या मुळातच आहे.

एकट्याने खेळायची गोष्ट साधी आहे. प्राध्यापक तुम्हाला तीनपैकी एक पोकेमॉन देतात: गवताचा, आगीचा किंवा पाण्याचा. गवतात फिरताना रानटी पोकेमॉन भेटतात. त्यांना दमवायचं, जमल्यास झोपवायचं, मग बॉल फेकायचा. ताकद जितकी कमी उरली असेल तितका जीव सापडण्याचा संभव जास्त. बहुतेक गेममध्ये वाटेत दुसऱ्या ट्रेनरची नजर पडली की लढत टाळता येत नाही. एकेका गावातल्या जिमच्या प्रमुखाला हरवून आठ बॅज मिळवायचे आणि शेवटी चार दिग्गजांसमोर उभं राहायचं. इथपर्यंत लेव्हल वाढवत राहिलं तरी निभावतं. खरी परीक्षा माणसाविरुद्ध. तिथे दोन्ही बाजूंची लेव्हल बहुधा ५० वर आणून ठेवतात, म्हणजे नुसत्या मेहनतीने मिळालेली उंची कामाला येत नाही.

कुस्तीच्या तालमीत वस्ताद पठ्ठ्याचा खुराक ठरवतो, डाव घोटून घेतो आणि कुस्तीच्या दिवशी आखाड्याबाहेर उभा राहतो. पोकेमॉनचा ट्रेनर तसाच. फरक एवढाच, की इथे आखाड्यातला प्रत्येक डावही तोच बाहेरून सांगतो. त्यामुळे त्याच्या कामाचे दोन भाग पडतात: संगोपन आणि लढत.

आधी संगोपन. प्रत्येक पोकेमॉनचे सहा आकडे असतात: एचपी म्हणजे जीव, अटॅक, डिफेन्स, स्पेशल अटॅक, स्पेशल डिफेन्स आणि स्पीड. हे आकडे चार गोष्टींतून बनतात. पहिली जात. गारचॉम्प या ड्रॅगनचा मूळ स्पीड १०२ आणि मूळ अटॅक १३०. हे प्रत्येक गारचॉम्पचे तेवढेच. दुसरी जन्मजात देणगी. प्रत्येक आकड्यासाठी ० ते ३१ मधलं एक मूल्य जन्मताच ठरतं, त्याला खेळाडू ‘आयव्ही’ म्हणतात. तिसरी तालीम, म्हणजे ‘ईव्ही’. एका आकड्याला जास्तीत जास्त २५२ गुण आणि सगळ्यांना मिळून ५१०. चौथी स्वभाव. २५ स्वभावांपैकी बहुतेक एक आकडा दहा टक्क्यांनी वाढवतात आणि दुसरा दहा टक्क्यांनी घटवतात.

५१० ची ही मर्यादा महत्त्वाची. दोन आकडे पूर्ण भरले की हातात जेमतेम ६ उरतात. सगळंच वाढवता येत नाही, निवडावं लागतं. निवड किती नाजूक असते ते गारचॉम्पवरच पाहू.

लेव्हल ५० वर, स्पीडची देणगी ३१, तालीम २५२ आणि स्पीड वाढवणारा ‘जॉली’ स्वभाव असेल, तर गारचॉम्पचा स्पीड १६९ होतो. समोर चॅरिझार्ड आहे असं धरा. त्याचा मूळ स्पीड १००, आणि सगळं काही स्पीडवर लावलं तर तो १६७ ला थांबतो. दोन अंकांचा फरक, पण त्या दोन अंकांवर गारचॉम्प दर वेळी आधी वार करतो. आता त्याच गारचॉम्पला अटॅक वाढवणारा ‘ॲडमंट’ स्वभाव द्या. अटॅक १८२ वरून २०० होतो, पण स्पीड १५४ वर येतो आणि चॅरिझार्ड पुढे निघून जातो.

मग १८ अंकांच्या अटॅकने काय साधलं? वाराचा हिशेब असा: मूव्हची, म्हणजे वापरलेल्या डावाची, ताकद गुणिले माझा अटॅक, भागिले समोरच्याचा डिफेन्स, आणि त्याला लेव्हलचं प्रमाण. मूव्ह आणि पोकेमॉन एकाच प्रकारचे असतील तर वार दीडपट. शेवटी गेम त्यात नशीब मिसळतो: ८५ ते १०० टक्क्यांमधल्या सोळा पायऱ्यांपैकी कोणतीही एक. समजा समोरच्याचा डिफेन्स १००, एचपी १२० आणि प्रकाराचा कोणताही फायदा-तोटा नाही. गारचॉम्पने १०० ताकदीचा ‘अर्थक्वेक’ मारला. जॉली गारचॉम्पचा वार १०३ ते १२३ मध्ये पडतो, आणि १६ पैकी फक्त ३ पायऱ्यांवर समोरचा एका फटक्यात बेशुद्ध होतो. ॲडमंट असेल तर १६ पैकी १२ पायऱ्यांवर. एका स्वभावाने तीनाचे बारा होतात, पण चॅरिझार्डच्या आधी वार करण्याचा हक्क जातो. या दोन्हींत बरोबर उत्तर एकच असं नाही. तुमच्या बाकीच्या पाच पोकेमॉनना कशाची भीती आहे, त्यावर ते ठरतं.

आता हे आकडे मिळवायचे कसे, यात या मालिकेचा बराच इतिहास दडला आहे. रानात सापडलेल्या साध्या पोकेमॉनच्या सहाही देणग्या ३१ असण्याची शक्यता १०७ कोटींत एक. म्हणून १९९९ च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये अंडी आल्यावर खेळाडूंनी पैदाशीचा मार्ग धरला. आईबापांच्या देणग्या पिल्लात उतरतात. २०१३ च्या ‘एक्स’ आणि ‘वाय’पासून ‘डेस्टिनी नॉट’ हा धागा आईबापांपैकी एकाजवळ ठेवला, तर दोघांच्या बारा मूल्यांतली पाच पिल्लाला मिळतात. ‘एव्हरस्टोन’ जवळ असेल तर स्वभावही उतरतो. आईबाप दोघेही अव्वल असले तरी सहावी देणगी नशिबावर, बत्तिसात एक. त्यामुळे मनासारखं पिल्लू मिळेपर्यंत अंड्यांमागून अंडी उबवत बसायचं.

तालमीचंही तसंच. कोणाला हरवलं त्यावर ईव्ही ठरतो. मॅजिकार्प हा बापुडवाणा मासा हरवला की स्पीडचा एक गुण. स्पीड पूर्ण भरायचा तर असे २५२ मासे. वेळ ज्याच्या हातात जास्त, त्याचा संघ सरस, असा तो जमाना होता.

नंतरच्या गेमनी वेळेचा हा मोबदला हळूहळू काढून घेतला. २०१६ च्या ‘सन’ आणि ‘मून’मध्ये बाटलीची बुचं आली, ती दिली की कमी देणगीही ३१ असल्यासारखी मोजली जाते. मात्र त्यासाठी लेव्हल १०० गाठावी लागे. २०२२ च्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’मध्ये ही अट ५० वर आली. २०१९ च्या ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’मध्ये पुदिन्याची पानं आली, ती खाल्ली की स्वभावाचा आकड्यांवरचा परिणाम बदलतो. त्याच गेमपासून ईव्ही वाढवणाऱ्या टॉनिकवरची जुनी मर्यादा उठली. ‘कार्बोस’च्या एका बाटलीत स्पीडचे दहा गुण, म्हणजे २६ बाटल्यांत स्पीड पूर्ण. जुने खेळाडू यावर कुरकुरतात, आणि हाताने घडवलेल्या पिल्लाचा अभिमान मलाही कळतो. पण ज्या खेळाचा कस माणसासमोर लागतो, त्यात प्रवेशाची फी शेकडो तासांची असू नये. पानं आणि बाटल्यांनी संगोपनातले श्रम कमी केले, निवड कमी केली नाही. जॉली की ॲडमंट हा प्रश्न तेवढाच अवघड राहिला.

आता लढत. प्रत्येक ट्रेनरकडे सहा पोकेमॉन, प्रत्येक पोकेमॉनला चार मूव्ह. दोन्ही ट्रेनर आपापली चाल गुपचूप निवडतात आणि दोघांनी निवडल्यावरच ती उघड होते. बुद्धिबळात समोरच्याची खेळी पाहून आपली ठरवता येते. इथे तसं नाही. साधा नियम असा, की पोकेमॉन बदलायचा असेल तर ती अदलाबदल वारांच्या आधी होते, मग जादा अग्रक्रमाच्या मूव्ह आणि नंतर स्पीडप्रमाणे बाकीच्या. स्पीड सारखाच असेल तर नाणेफेक.

त्यावर प्रकारांचा तक्ता. सध्या अठरा प्रकार आहेत. आग गवताला जाळते, पाणी आगीला विझवतं, गवत पाण्याला शोषतं: फायदा असला की वार दुप्पट, तोटा असला की निम्मा, काही जोड्यांत शून्य. एका पोकेमॉनचे दोन प्रकार असू शकतात, तेव्हा गुणाकार होतो. गारचॉम्प ड्रॅगन आणि जमीन. दोन्ही बर्फाला कच्चे, म्हणून बर्फाचा वार चौपट. विजेचा मात्र शून्य.

हा तक्ता पाठ झाला की नवखा खेळाडू समजतो, आपल्याला खेळ आला. खरं तर तो इथे सुरू होतो. समजा तुमचा गारचॉम्प उभा आहे आणि समोर विजेचा जोल्टिऑन. अर्थक्वेक त्याच्यावर दुप्पट पडेल, हे तुम्हाला माहीत आहे. समोरच्यालाही. म्हणून तो जोल्टिऑनला मागे घेऊन चॅरिझार्ड आणेल. चॅरिझार्ड उडणारा, त्याला अर्थक्वेक लागतच नाही. हे तुम्ही ओळखलंत, तर अर्थक्वेकऐवजी ‘रॉक स्लाइड’ मारायचा. आग आणि उडणं, दोन्ही दगडाला कच्चे, म्हणजे चॅरिझार्डवर वार चौपट. पण तुम्ही असं ओळखाल, हे त्याने ओळखलं असेल तर? तो जोल्टिऑन तिथेच ठेवेल आणि तुमचा दगड मामुली लागेल. प्रत्येक चालीची किंमत मोजता येते, समोरच्याचं मन मोजता येत नाही. अनुभवी ट्रेनर म्हणून विचारतो, की माझा अंदाज चुकला तर मला काय सोसावं लागेल. चुकूनही फार न बुडवणारी चाल तो जास्त वेळा खेळतो, आणि धाडसी अंदाज सामना हातातून निसटत असेल तेव्हासाठी राखतो.

अधिकृत जागतिक स्पर्धेत हे गणित आणखी दाट होतं. तिथे एका वेळी प्रत्येकाचे दोन पोकेमॉन मैदानात असतात. दोघे आधी एकमेकांचे सहा पोकेमॉन पाहतात आणि त्यातले चारच निवडून खेळतात. अलीकडच्या मोठ्या स्पर्धांत प्रत्येकाच्या मूव्ह आणि जवळच्या वस्तूही समोरच्याला दिसतात. आकड्यांची वाटणी मात्र झाकलेलीच. समोरचा गारचॉम्प १६९ चा की १५४ चा, हे पहिला वार होईपर्यंत कळत नाही.

या रचनेत दुबळ्या जीवालाही जागा कशी मिळते, याचं उत्तम उदाहरण २०१४ चं. वॉशिंग्टनला झालेल्या त्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या पार्क सेजुनने पाचिरिसू नावाची छोटी खार आणली. गारचॉम्पच्या सहा मूळ आकड्यांची बेरीज ६००, पाचिरिसूची ४०५. कोणी तिला गंभीरपणे घेत नसे. पण तिला ‘फॉलो मी’ येतो: समोरचे वार साथीदाराऐवजी आपल्या अंगावर ओढून घेणारी मूव्ह. शिवाय वीज अंगावर आली की ती शोषून तिचा जीव वाढतो. तिच्याशेजारी गायराडोस उभा होता, पाणी आणि उडणं या दोन प्रकारांमुळे विजेला चौपट कच्चा. त्याच्यासाठी निघालेली वीज खारीकडे वळते आणि तिलाच बळ देते. खारीने गायराडोसला मोकळं रान दिलं आणि पार्क सेजुन जगज्जेता झाला. पाचिरिसू एरवी बेरजेत मागे पडते. पण पार्कने विचारलं ते शेजारच्याला ती काय देऊ शकते.

म्हणून कधी असा सामना पाहायला बसलात, तर मोठ्या फटक्यांवर नजर ठेवू नका. प्रत्येक पाळीला तीन प्रश्न विचारा: आधी वार कोण करणार, कोणाकडे सुरक्षित अदलाबदल शिल्लक आहे, आणि दोघांपैकी कोणाला अंदाज चुकणं परवडतं. तिसऱ्याचं उत्तर ज्याच्या बाजूने असतं, तो बहुधा जिंकत असतो, मग पडद्यावर त्याचा पोकेमॉन कितीही जखमी दिसो. आणि ती मोकळीक त्याने सामन्यात कमावलेली नसते. आठवड्यांपूर्वी ५१० गुण वाटताना, चार मूव्ह निवडताना आणि पाच साथीदार जुळवताना तिची तजवीज केलेली असते.