खोडी नव्हे, अडचण

मुलांनो, असा एखादा वर्गमित्र तुम्हीही पाहिला असेल. तो पाच मिनिटे एका जागी बसत नाही. प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर देतो. आज पेन्सिल, तर उद्या डबा हरवून येतो. दुसरा एखादा मुलगा कोणाच्या नजरेला नजर देत नाही, एकटाच एकच खेळ खेळत राहतो आणि घंटा वाजली की दोन्ही कान झाकून घेतो.

पूर्वी पहिल्याला 'वांड' आणि दुसऱ्याला 'वेडा' म्हणत. कोणी छडी उगारी, तर कोणी नजर लागली म्हणून ताईत बांधी. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही अशा एका चंचल मुलाला अनेकदा बाकावर उभे केले. त्याचे लक्ष काही वाढले नाही. शाळेची भीती मात्र वाढली.

ही खोडी नसून मेंदूच्या कामाची वेगळी पद्धत असते, हे आज आपल्याला कळले आहे. पहिल्या अडचणीला अतिचंचलता व लक्ष टिकवण्याचा दोष म्हणतात. दुसरीला स्वमग्नता किंवा ऑटिझम म्हणतात. 1943 मध्ये अमेरिकेतील डॉक्टर लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे निरीक्षण करून स्वमग्नतेचे वर्णन केले. पुढे कित्येक वर्षे आईच्या कोरड्या वागण्याला दोष दिला गेला. तो समज खोटा ठरला.

आपल्याकडेही दृष्टी हळूहळू बदलली. 1996 पासून महाराष्ट्र शासनाने वाचन-लेखनाची विशेष अडचण असलेल्या मुलांना परीक्षेत जादा वेळ व इतर सवलती दिल्या. 2007 मध्ये आलेल्या 'तारे जमीन पर' या चित्रपटाने अशा मुलाचे दुःख घरोघरी पोचवले. 1995 च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. 2016 च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत मात्र स्वमग्नता आणि वाचन-लेखनाची विशेष अडचण या दोन्हींचा समावेश झाला.

2013 मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. या कार्यक्रमात आरोग्य पथक अंगणवाडीत व शाळेत येऊन मुलांची तपासणी करते. त्यात डोळे आणि दात यांबरोबर वागणे, बोलणे व शिकणे यांतील अडचणीही पाहिल्या जातात. त्यामुळे जवाहरनगरसारख्या ठिकाणच्या पालकांनाही कोठे विचारावे हे समजते.

या अडचणी रक्ताच्या तपासणीत दिसत नाहीत. डॉक्टर मुलाला खेळताना पाहतात, आईवडिलांना व शिक्षकांना विचारतात, कानांची तपासणी करवतात आणि मगच निदान करतात. म्हणून प्रत्येक खोडकर मुलाला आपणच आजारी ठरवू नये. आणि निदान झालेच, तर त्या नावाने कोणाला चिडवू नये. मदत कोणती द्यायची हे कळावे, एवढ्यासाठीच ते नाव असते. पुढच्या बाकावर जागा, एका वेळी एकच काम, थोडा जादा वेळ अशा साध्या गोष्टींनीही पुष्कळ फरक पडतो.

ज्याला फळ्यावरचे दिसत नाही त्याला आपण चष्मा देतो, शिक्षा देत नाही. मग ज्याचे लक्ष ठरत नाही किंवा ज्याला घंटेचा आवाज सोसत नाही, त्याला शिक्षा का द्यावी? उद्या मधल्या सुट्टीत एकट्या बसलेल्या मित्राजवळ जाऊन बसा. तो बोलला नाही तरी चालेल.