डबा आमचा, खेळ त्यांचा, आणि नाव?

टीव्हीला पिन जोडायची, बटण दाबायचे आणि खेळायला बसायचे, अशी जुनी खेळणी नव्या रूपात पुन्हा बाजारात आली आहेत. बोटाएवढी एक पट्टी टीव्हीच्या मागे खुपसायची, सोबत दोन बिनतारी रिमोट, आणि खोक्यावर छापलेले असते: दहा हजार गेम! अमरावती-अकोल्याच्या ज्या पोट्ट्यांनी नव्वदीच्या दशकात ‘कॅसेट’मध्ये फुंकर मारून मारिओ आणि कॉन्ट्रा खेळला, ते आज चाळिशीला आले. तेच आता ही पट्टी लेकरांसाठी म्हणून आणतात आणि रात्री स्वतःच खेळतात. आठवणींचा धंदा आहे, असे म्हणून हा विषय सोडून देता आला असता. आम्हाला मात्र तो सोडावासा वाटत नाही. राबले कोण, विकले कुणी आणि नाव कुणाचे लागले, हा प्रश्न ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या भोगला, त्याने तो खेळण्यालाही विचारावा.

मूळ यंत्र जपानच्या निन्टेन्डो कंपनीचे. १९८३ साली १ मे रोजी अमरावती विद्यापीठ अस्तित्वात आले आणि त्याच वर्षी १५ जुलैला जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ विक्रीला आले. आठ बिटांचा प्रोसेसर आणि काम करायला अवघी दोन किलोबाइट मेमरी! १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा आख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसतो. आज मोबाईलवर काढलेला एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. जागा वाचावी म्हणून त्या खेळातला ढग आणि झुडूप यांचा आकार एकच ठेवला आहे, फक्त रंग बदलला. गरिबाच्या घरात एकच लुगडे अंथरायला, पांघरायला आणि नेसायला पुरते, तशातली ही काटकसर. हे करणाऱ्यांची बुद्धी मानलीच पाहिजे.

पण ते अस्सल यंत्र आपल्या वस्तीत किती जणांनी पाहिले? आपल्याकडे आल्या त्या नकला. ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’ ही नावे तेव्हाच्या पोरांना आठवत असतील. पुढे तैवान आणि चीनच्या कारखान्यांनी फॅमिकॉमचे सगळे भाग एकाच चिपमध्ये कोंबले आणि यंत्र एवढे स्वस्त झाले की मजुराच्या घरीही दिवाळीला येऊ शकले. आले ते बिननावाचेच. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलेले असायचे, आत मोजके खेळ पुन्हा पुन्हा फिरवलेले. ही फसवणूक होती, यात शंका नाही. तरीसुद्धा एक टीव्ही, दहा पोरे, पाळीपाळीने रिमोट आणि मधेच लोडशेडिंग, या अवस्थेत ज्यांनी पहिल्यांदा एका यंत्राला आपल्या बोटाच्या हुकुमात आणले, त्यांना चोरीचे प्रवचन देण्याचा अधिकार आम्ही तरी कुणाला देत नाही. दार मालकाने उघडलेच नव्हते.

नकलेचा खरा गुन्हा आमच्या मते दुसराच आहे. खेळाच्या पहिल्या पडद्यावरून करणाऱ्या कंपनीचे नाव खुशाल पुसून टाकले जायचे. मात्र हे पुसणे काही नकलाकारांनी शोधून काढलेले नाही. अस्सल म्हणवणाऱ्या कंपन्यांनी ते आधीच केले होते. अमेरिकेतल्या अटारी कंपनीने खेळ लिहिणाऱ्यांची नावे छापायला नकार दिला. तेव्हा वॉरन रॉबिनेट या प्रोग्रामरने ‘अ‍ॅडव्हेंचर’ या खेळात एक गुप्त खोली करून तिच्यात आपले नाव लपवले. त्याचेच चार सहकारी बाहेर पडले आणि १९७९ मध्ये त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन ही स्वतःची कंपनी काढली. जपानमध्येही अनेक कंपन्यांनी कामगारांना टोपणनावे घ्यायला लावली, कारण खरे नाव कळले तर दुसरी कंपनी माणूस पळवील!

आणि ज्या कॅसेटमध्ये आपण फुंकर मारली, तिचे काय? बदलता येणारी रॉम कॅसेट असलेले पहिले घरगुती यंत्र १९७६ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीने आणले. ते घडवणाऱ्या चमूचा प्रमुख जेरी लॉसन हा काळा अभियंता होता. १९४० साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मलेला हा माणूस सिलिकॉन व्हॅलीत काळे अभियंते बोटावर मोजण्याइतके असताना तिथे उभा राहिला. खेळांच्या उद्योगाने त्याचा जाहीर सन्मान केला तो मार्च २०११ मध्ये, आणि एप्रिलमध्ये तो गेला. मारिओ जगातल्या पोराटोराला माहीत आहे. लॉसन किती जणांना माहीत आहे?

आता नव्या खेळण्यांकडे येऊ. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये निन्टेन्डोने जुन्या यंत्राचा तळहाताएवढा नमुना काढला, आत ३० खेळ, किंमत सुमारे ६० डॉलर. त्यात जुने सर्किट नाही. आहे तो लहानसा संगणक आणि जुन्या यंत्राचे सोंग घेणारा प्रोग्राम. त्याला इम्युलेटर म्हणतात, आपण बहुरूपी म्हणू. या बहुरूप्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. कनेक्टिक्स नावाच्या कंपनीने संगणकावर प्लेस्टेशनचे सोंग आणले, म्हणून १९९९ मध्ये सोनीने तिला कोर्टात खेचले. २००० साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये त्याच सोनीने ‘प्लेस्टेशन क्लासिक’ बाजारात आणले, तेव्हा आत प्रोग्राम होता तो हौशी मंडळींनी लिहून सर्वांसाठी खुला केलेला! कायद्याने तो वापरायची मुभा होती, सोनीने ती घेतली. परंतु कालचा चोर आज बिनपगारी कामगार कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे. दहा हजार गेमवाल्या पट्ट्या तर त्याहून पुढे गेल्या. खेळांचे मालक बाजूला ठेवा, ‘स्नेस नाइन एक्स’सारखा प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी ‘हा विकू नका’ अशी स्पष्ट अट घातलेली असताना, असे प्रोग्रामही त्यात घालून विकले जातात.

आमच्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट कीबोर्डची आहे. या नकली यंत्रांचा एक प्रकार कीबोर्डसह यायचा, टीव्हीला जोडायचा, त्यावर टायपिंग आणि थोडे बेसिकही शिकता यायचे. प्लेपॉवर या गटाने २००८ च्या सुमारास भारतात मिळणारा असाच सुमारे १२ डॉलरचा डबा हाती घेऊन त्यावर शिकण्याचे खेळ लिहायचे ठरवले. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीची फी भरताना आईबापाची दमछाक होत होती, त्याच काळात मागल्या खोलीत पडलेला तो डबा संगणकच होता. हे आपल्याला कुणी सांगितले नाही. सुशिक्षितांनी त्याला पोरे बिघडवणारे खेळणे ठरवले आणि आपणही तेच ऐकले.

म्हणून घरात जुना डबा असेल तर भंगारात देऊ नका. आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांपुढे तो उघडून ठेवा. आत चिपच्या जागी डांबरासारखा काळा थेंब दिसेल. दुरुस्ती करणे जवळपास अशक्य अशीच ती बनावट, बिघडले की फेका. तरी पिन, वायर आणि रिमोटची बटणे दुरुस्त होतात. बदकांवर नेम धरायची बंदूक मात्र नव्या सपाट टीव्हीवर चालणार नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. हे सारे गणित काचेच्या जाड टीव्हीच्या वेगावर बसवलेले आहे, नवा टीव्ही तो उजेड उशिरा दाखवतो. तसा टीव्ही अजून कुणाच्या माळ्यावर असेलच.